फोनचा ४के व्हिडिओ लॅपटॉपवर अडकतो, कॉम्प्रेस करूनही तेच. रॅम वाढवू का?

तुमचा प्रश्न नीट वाचला, आधी तो माझ्या शब्दात मांडतो म्हणजे पुढे गोंधळ नको. फोनवर ४के ६० फ्रेमने काढलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ, फाइल १.२ जीबीच्या आसपास. चौथ्या पिढीच्या आय५ लॅपटॉपवर लावला की आवाज सुरळीत चालतो पण चित्र मागे राहतं, मग एकदम उडी मारतं, पंखा जोरात फिरायला लागतो. कोणीतरी म्हणालं फाइल मोठी आहे म्हणून होतंय, तर आधी झिप करून पाहिली, साइज कमी झालीच नाही. मग हँडब्रेकमधे (व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं फुकट सॉफ्टवेअर) एच.२६५ हा व्हिडिओ दाबायचा प्रकार निवडून, क्वालिटी १८ ठेवून रात्रभर लावून ठेवलं, सकाळी बघता तर फाइल २ जीबीच्या वर आणि अडकणं जसंच्या तसं. आता विचारताय की ८ ची १६ जीबी रॅम करू की लॅपटॉपच बदलू.

आत्ता दोन्ही करू नका. रॅमचा तर इथे संबंधच नाही, ते खाली सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रॉब्लेम एकत्र झालेत. "व्हिडिओ नीट चालत नाही" हा एक आणि "व्हिडिओ फार जागा खातो" हा दुसरा. लोक पहिल्यावर उपाय म्हणून दुसऱ्याचं औषध घेतात आणि बहुतेक वेळा त्याने पहिला आणखी बिघडतो. तुमच्या बाबतीत अगदी हेच झालंय.

हिशोब करून बघा. १.२ जीबी भागिले १८० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसहा एमबी. कुठलीही जुनी फिरती हार्डडिस्क याच्या कितीतरी पट वेगाने वाचते आणि तुम्ही तर एसएसडी टाकलीय असं लिहिलंय. म्हणजे फाइल वाचण्यात काही अडत नाहीये. अडतंय ते वाचलेल्या डेटातून परत चित्र तयार करण्यात, म्हणजे डीकोडिंगमधे.

डीकोडिंग एवढं जड का हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. ४के ची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल. सेकंदाला अशा ६०, म्हणजे सुमारे ५० कोटी पिक्सेल. काहीही न दाबता हे साठवायचं म्हटलं तर साध्या ८ बिटमधे (रंगाच्या छटा नोंदवायची नेहमीची बारकाई) सुद्धा सेकंदाला साडेसातशे एमबीच्या आसपास जातं. तुमचा फोन ते साडेसहा एमबीत बसवतो, शंभरपटीहून जास्त दाबून. हे कसं जमतं, तर प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवलेलीच नसते. एखादी फ्रेम पूर्ण असते, तिला कीफ्रेम म्हणतात, आणि तिच्यानंतरच्या फ्रेममधे फक्त मागच्यापेक्षा काय हललं, कुठे बदललं एवढंच नोंदवलेलं असतं. वहीत एक पान पूर्ण लिहायचं आणि पुढच्या पानांवर "वरच्यासारखंच, फक्त तिसऱ्या ओळीत हा शब्द बदला" असं लिहीत जायचं, तसला प्रकार. लिहिणाऱ्याची शाई वाचते पण वाचणाऱ्याला प्रत्येक पान डोक्यात नव्याने उभं करावं लागतं, आणि तेही सेकंदाला ६० वेळा, वेळ चुकवून चालत नाही.

फोनमधे यासाठी वेगळं सर्किट असतं, म्हणून फोन गारही राहतो आणि अडकतही नाही. कॉम्प्युटरमधे पण असतं, पण कोणत्या फॉरमॅटचं आहे त्यावर सगळं अवलंबून. एच.२६५ (ज्याला एचईव्हीसी पण म्हणतात) हे स्टँडर्ड मंजूर झालं २०१३ मधे आणि तुमच्या पिढीचे प्रोसेसर बाजारात आले तेही २०१३ मधेच. त्या चिपच्या डिझाइनमधे एच.२६५ चं पूर्ण सर्किट नाहीच. नंतर ड्रायव्हरमधून अर्धं काम ग्राफिक्स अर्धं प्रोसेसर अशी एक तडजोड आली होती, ४के ६० साठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. इंटेलमधे एच.२६५ साठी नीट हार्डवेअर सहाव्या पिढीपासून आलं, १० बिटचं सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ (त्याहून नवा फॉरमॅट) हवं असेल तर अकराव्या पिढीपासून. एच.२६४ मात्र तुमच्या लॅपटॉपला चिपमधूनच जमतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, उपाय त्यातच आहे.

आता मी हे सगळं तुमचा लॅपटॉप न बघता बोलतोय, तर आधी खात्री करा. माझं काम जुन्या टेपा डिजिटल करून देणं आणि घरगुती व्हिडिओ एडिट करून देणं, त्यामुळे "चालत नाही हो" म्हणून फाइल घेऊन येणारे रोज भेटतात आणि मी कोणाचीही फाइल कन्व्हर्ट करण्याआधी दोन गोष्टी बघतो.

पहिली, फाइल आतून काय आहे. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकायची आणि व्हिडिओखालच्या ओळी वाचायच्या. फॉरमॅट (एव्हीसी लिहिलं असेल तर एच.२६४, एचईव्हीसी असेल तर एच.२६५), बिट डेप्थ ८ की १०, फ्रेम रेट कॉन्स्टंट (एकसारखा) आहे की व्हेरिएबल (कमीजास्त होणारा), आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा). फाइलच्या नावामागे एमपी४ आहे की एमओव्ही की एमकेव्ही यावरून काहीही ठरत नाही, तो नुसता डबा, आत काय भरलंय ते वेगळं. एकाच एमपी४ नावाच्या दोन फाइल, एक लोण्यासारखी चालते आणि दुसरी रडते, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

दुसरी गोष्ट, चालताना काय होतंय. विंडोजमधे टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबमधे जीपीयूवर क्लिक करा, तिथे "व्हिडिओ डीकोड" नावाचा एक छोटा आलेख दिसतो (नसेल तर आलेखाच्या नावाजवळ बाण असतो, त्यातून निवडा). आता तो व्हिडिओ लावा आणि खिडकी बाजूला ठेवून नुसतं बघत बसा. डीकोडचा आलेख वर गेला आणि सीपीयू निवांत राहिला तर काम चिप करतेय. डीकोडचा आलेख जमिनीला चिकटलेला आणि सीपीयू ९० च्या वर असेल तर सगळं ओझं प्रोसेसरवर पडलंय. माझा अंदाज आहे तुम्हाला दुसरं चित्र दिसेल. व्हीएलसी वापरत असाल तर टूल्समधे कोडेक इन्फर्मेशन, त्यात स्टॅटिस्टिक्स, तिथे लॉस्ट फ्रेमचा आकडा चालू व्हिडिओत वाढत जाताना दिसेल. एमपीव्ही प्लेअर असेल तर नुसतं इंग्रजी आय दाबलं की स्क्रीनवरच सगळं येतं, हार्डवेअर डीकोडिंग चालू आहे का, किती फ्रेम पडल्या, सगळं. मला स्वतःला हे जास्त सोयीचं वाटतं.

अडकण्याच्या पद्धतीवरून सुद्धा बरंच कळतं आणि हे कोणी फारसं सांगत नाही. तुमच्यासारखं आवाज नीट आणि चित्र मागे, हे डीकोडिंगचं लक्षण, कारण प्लेअर घड्याळ म्हणून आवाज धरतो, जी फ्रेम वेळेत तयार झाली नाही ती टाकून देतो आणि आवाजाला गाठायला पुढे पळतो. आवाज आणि चित्र दोन्ही एकदम थांबून परत दोन्ही एकदम सुरू होत असतील तर डेटाच पोचत नाहीये, म्हणजे संथ पेनड्राइव्ह, वायफायवरून दुसऱ्या मशीनमधली फाइल, किंवा मरायला टेकलेली डिस्क, अशा वेळी फाइल आतल्या डिस्कवर कॉपी करून लावा, फरक पडला तर कोडेकच्या (व्हिडिओ दाबायच्या आणि उलगडायच्या पद्धतीच्या) मागे लागू नका. पहिली दहा मिनिटं छान आणि मग अडकायला लागलं तर मशीन तापतंय, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतोय, तिथे धूळ काढणं हा खरा उपाय. प्रत्येक वेळी नेमक्या त्याच सेकंदाला अडकत असेल तर फाइलच तिथे खराब आहे, परत फोनमधून कॉपी करा. व्हिडिओ पुढे ढकलला की थोडा वेळ करडं, ओघळलेलं चित्र दिसून मग साफ होत असेल तर प्लेअरला मधेच कीफ्रेम सापडली नाही एवढंच, तो आजार नाही.

आणि एक प्रकार फार फसवा. एकही फ्रेम पडत नाही, सीपीयू शांत, तरी कॅमेरा आडवा फिरवलेल्या शॉटमधे बारीक बारीक झटके जाणवतात. ते अडकणं नाही. व्हिडिओ सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमचा आणि स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलणारी, आता ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दाखवल्या जातात काही तीनदा, आणि डोळ्याला ते खटकतं. त्यासाठी लोकांनी नवीन मशीन घेतलेली मी पाहिलीत, नवीन मशीनवरही तेच. स्क्रीनचा रिफ्रेश रेट ५० वर नेता आला तर २५ चा व्हिडिओ एकदम गुळगुळीत दिसतो, बाकी काही नको.

ब्राउझरमधे अडकत असेल तर ते प्रकरण थोडं निराळं. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा, तिथे कोडेक आणि पडलेल्या फ्रेम दोन्ही दिसतात. एव्ही१ किंवा व्हीपी९ दिसलं आणि फ्रेम पडत असतील तर जुन्या मशीनला तोच भार आहे, रिझोल्यूशन एक पायरी खाली घ्या. आणि ब्राउझरच्या सेटिंगमधे हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद तर नाही ना तेवढं बघून घ्या, कोणीतरी कधीतरी काहीतरी दुरुस्त करायला ते बंद करतं आणि विसरतं.

आता रॅम. डीकोड झालेली ४के ची एक फ्रेम साध्या ८ बिटमधे साडेबारा एमबीच्या आत बसते. प्लेअरने पुढच्या मागच्या मिळून वीस फ्रेम जरी हाताशी धरून ठेवल्या तरी अडीचशे एमबी. ८ जीबीत हे कुठल्या कुठे मावतं. टास्क मॅनेजरमधे मेमरी भरलेली दिसत असेल, चाळीस टॅब उघडे असतील, तर गोष्ट वेगळी, पण मग टॅब बंद करा.

कन्व्हर्ट करण्याआधी फुकटात होण्यासारखं जे आहे ते करून घ्या. चार्जर लावा आणि पॉवर मोड बॅटरी सेव्हरवरून काढा, बॅटरीवर बरेच लॅपटॉप मुद्दाम हळू चालतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून अपडेट करा. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमधे इनपुट कोडेक्सखाली हार्डवेअर डीकोडिंग ऑटोमॅटिक ठेवा, पण उलटही लक्षात असू द्या, चित्रावर हिरवे चट्टे किंवा पूर्ण हिरवा पडदा येत असेल तर तेच डिसेबल करून बघा, जुन्या ड्रायव्हरचं ते हमखास दुखणं आहे. एमपीव्हीवर एकदा लावून बघा. चौथ्या पिढीचे लॅपटॉपमधले आय५ दोनच कोअरचे असतात, तेव्हा नुसत्या प्रोसेसरच्या जोरावर ४के ६० विसरा.

कोडेक पॅक टाकू नका. कोणी कितीही सांगितलं तरी. व्हीएलसी आणि एमपीव्ही आपापले डीकोडर बरोबर घेऊनच येतात, त्यांना बाहेरून काही लागत नाही. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून पैसे देऊन एक्स्टेन्शन घ्यावं लागतं, ते घेतलं तर फाइल उघडेल, पण चिपमधे सर्किटच नसेल तर उघडून पुन्हा अडकेलच. "उघडत नाही" आणि "उघडतं पण अडकतं" हे दोन वेगळे आजार आहेत.

आता तुमच्या रात्रभराच्या प्रयोगाकडे येतो. झिपने काही झालं नाही कारण झिप पुनरावृत्ती शोधून दाबतं आणि फोनने पुनरावृत्ती आधीच सगळी पिळून काढलेली असते, शिल्लक काही नाहीच. हँडब्रेकमधे फाइल वाढली कारण तिथला क्वालिटीचा आकडा उलटा चालतो, आकडा लहान म्हणजे दर्जा जास्त आणि फाइल मोठी. तो आकडा साइजबद्दल काहीच वचन देत नाही, तो म्हणतो "मला दिलेल्या चित्राशी इतकं इमानदार राहा, जागा किती लागायची ती लागो". १८ म्हणजे तुम्ही त्याला सांगितलंत की फोनच्या सेन्सरने अंधारात केलेली खरखर, फोनच्या स्वतःच्या कॉम्प्रेशनचे ठोकळे, हे सुद्धा जिवापाड जपून ठेव. त्याने जपलं. ढोबळ नियम असा की आकडा ६ ने वाढवला की बिटरेट साधारण निम्मा होतो. हँडब्रेकवाल्यांची स्वतःची शिफारस १०८०पी साठी २० ते २४ आणि ४के साठी २२ ते २८ अशी आहे, म्हणजे तुम्ही ४के ला १८ ठेवून फारच खाली गेला होतात.

रात्र का लागली तेही सांगतो. तीन मिनिटं गुणिले ६० फ्रेम म्हणजे १०,८०० फ्रेम, जुन्या प्रोसेसरवर ४के एच.२६५ सेकंदाला अर्धी फ्रेम पकडली तर सहा तास. आणि एवढं करून बाहेर पडलं काय, तर परत ४के ६० चं एच.२६५, म्हणजे लॅपटॉपला जे झेपत नव्हतं तेच, फक्त जरा जड. साइज निम्मी झाली असती तरी अडकणं फारसं कमी झालं नसतं, कारण पिक्सेल तेवढेच आणि फ्रेम तेवढ्याच.

तर तुमच्यासाठी उपाय: ओरिजिनल फाइल तशीच ठेवायची, आणि लॅपटॉपवर बघायला एक वेगळी कॉपी करायची, एच.२६४ मधे, १०८०पी वर. चारातले तीन पिक्सेल तिथेच गळाले, आणि उरलेलं काम चिप करेल. तुमची स्क्रीन बहुधा १०८०पी किंवा त्याहून कमीच असेल, मग ४के चा फायदा तसाही डोळ्यापर्यंत पोचत नव्हता.

हँडब्रेकमधे व्हिडिओ एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४ लिहिलेला), क्वालिटी २१ किंवा २२, एन्कोडर प्रीसेट मीडियम किंवा फास्ट. इथे एक खाच आहे. उघडल्यावर जो प्रीसेट समोर असतो तो "फास्ट १०८०पी३०", आणि त्यातला ३० हा कमाल फ्रेम रेट आहे, म्हणजे तुमच्या ६० च्या मुद्दाम काढलेल्या व्हिडिओची गुपचूप ३० होते आणि मग लोक विचारतात "कन्व्हर्ट केल्यावर पूर्वीसारखं स्मूद का नाही". फ्रेम रेटच्या खान्यात "सेम ॲज सोर्स" करा. नुसतं बघायचं असेल तर खाली व्हेरिएबल राहू द्या, पण पुढे एडिट करणार असाल तर कॉन्स्टंट निवडा, कारण फोन अंधारात फ्रेम रेट आपोआप कमीजास्त करतो आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरमधे त्यामुळे शेवटाकडे जाता जाता ओठ आणि आवाज वेगळे पडतात. हा माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतला अगदी नेहमीचा प्रकार.

पूर्ण फाइल लावू नका. आधी २० सेकंदांचा तुकडा. हँडब्रेकमधे रेंजच्या जागी चॅप्टरऐवजी सेकंद निवडता येतात. तुकडा कुठला घ्यायचा हे महत्त्वाचं, सगळे पहिलीच २० सेकंदं घेतात ज्यात कोणीतरी शांत उभं असतं आणि रिझल्ट छानच येतो. सगळ्यात अवघड जागा शोधा: वाऱ्यात हलणारी पानं, पाणी, गर्दी, किंवा अंधारी खोली ज्यात भिंतीवर बारीक खरखर दिसते. मग मूळ आणि नवीन दोन्ही त्याच सेकंदाला थांबवून, व्हीएलसीमधे इंग्रजी ई दाबत एकेक फ्रेम पुढे जात बघा. चेहऱ्याकडे बघू नका, चेहरा शेवटपर्यंत बरा दिसतो. केसांच्या कडा बघा, गवत बघा, आणि अंधाऱ्या भिंतीवर चौकोनी ठोकळे किंवा आकाशात रंगाचे पट्टे पडलेत का ते बघा. पट्टे पडत असतील तर १० बिट एन्कोडिंगने ते कमी होतात, पण तुमच्या मशीनवर १० बिट एच.२६४ परत प्रोसेसरच्याच गळ्यात पडेल, तेव्हा तुम्ही ८ बिटच ठेवा आणि आकडा एकदोनने खाली घ्या.

त्या तुकड्यात रंग धुतल्यासारखे फिके दिसले तर फोनवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला नोंदवणारा प्रकार) चालू होतं असं समजा. साध्या स्क्रीनसाठी त्याचं टोन मॅपिंग, म्हणजे तो पल्ला स्क्रीनला झेपेल इतका आवळणं, करावं लागतं, एमपीव्ही ते चालवतानाच बऱ्यापैकी करतो. पण तुमच्या स्क्रीन साध्या असतील तर फोनमधेच एचडीआर व्हिडिओ बंद करणं सगळ्यात कमी कटकटीचं.

हार्डवेअर एन्कोडर (इंटेल चिपमधलं क्विक सिंक वगैरे) पण यादीत दिसेल, तो कितीतरी पट वेगवान, पण त्याच दर्जासाठी फाइल मोठी लागते आणि तुमच्या पिढीत तर दर्जा बेताचाच. बघून टाकून द्यायच्या कॉपीसाठी खुशाल वापरा. जपून ठेवायच्या फाइलसाठी मी वापरत नाही.

ठरावीक साइजमधेच बसवायचं असेल, म्हणजे कुठे पाठवायला मर्यादा असेल, तेव्हा मात्र क्वालिटीचा आकडा सोडून सरासरी बिटरेट आणि दोन पास (आधी एकदा पूर्ण व्हिडिओ तपासून मग दाबणं) घ्या. हिशोब सोपा आहे: एमबी गुणिले ८ भागिले सेकंद. तुमची तीन मिनिटं १०० एमबीत हवीत तर ८०० भागिले १८०, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.४ मेगाबिट, त्यातून आवाजाचे थोडे वजा करून ४.२ धरा. हातात धरून काढलेल्या, हलत्या १०८०पी ६० ला एवढे कमीच पडतात. तिथे ७२०पी किंवा ३० फ्रेमवर उतरलेलं बरं, ठोकळ्यांनी भरलेल्या मोठ्या चित्रापेक्षा स्वच्छ लहान चित्र केव्हाही बघवतं.

जागा हाच खरा प्रॉब्लेम असलेल्यांसाठी माझं मत थोडं वेगळं आहे. फोनचं एच.२६५ परत एच.२६५ करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. प्रत्येक फेरीत काहीतरी जातंच, ते परत येत नाही, आणि वाचणारी जागा वीज आणि वेळेच्या मानाने किरकोळ. त्यापेक्षा नको असलेला भाग कापा. लॉसलेसकट नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते पुन्हा एन्कोड न करता जसंच्या तसं कापतं, मोठी फाइलही चटकन होते, दर्जा तोच. फक्त कापणं कीफ्रेमवर होतं त्यामुळे सुरुवात थोडी मागेपुढे सरकते. घरगुती व्हिडिओत पहिला आणि शेवटचा भाग कॅमेरा खिशात जाताना जमिनीचाच असतो, तो काढला तरी बऱ्याच फाइल निम्म्या होतात.

ज्या फाइल खरंच दाबण्यासारख्या असतात त्या वेगळ्या: मिनीडीव्ही टेपवरून घेतलेल्या (तासाला १३ जीबी), जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या एव्हीआय, स्क्रीन रेकॉर्डिंग. यांच्यात दाबायला भरपूर वाव असतो. टेपवाल्या फाइलमधे हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात, ते इंटरलेसिंग, एन्कोड करताना डीइंटरलेस केलं नाही तर त्या रेषा कायमच्या चित्रात भाजल्या जातात. बॉब पर्याय निवडून २५ च्या ५० फ्रेम करून घ्या, हालचाल जशी टीव्हीवर दिसायची तशी राहते.

नवीन कॉपी झाली की तिची लांबी मूळ फाइलइतकी आहे का बघा, थेट शेवटच्या मिनिटाला जाऊन ओठ आणि आवाज जुळतात का बघा. तारीखही बघा, कन्व्हर्ट केलेली फाइल कधी कधी गॅलरीत आजच्या तारखेला जाऊन बसते आणि मग कोणता व्हिडिओ कधीचा ते शोधत बसावं लागतं. पेनड्राइव्हवर टाकताना ४ जीबीच्या वरची फाइल नाकारली गेली तर ड्राइव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट केलेला आहे, एक्सफॅट करा (आधी आतला डेटा काढून घ्या, फॉरमॅटने पुसला जातो).

यापुढचे व्हिडिओ काढताना फोनच्या सेटिंगमधेच विचार करा. आयफोनमधे कॅमेरा, फॉरमॅट्स, "मोस्ट कम्पॅटिबल" केलं की एच.२६४ मिळतं, पण मग ४के ६० मिळत नाही, त्याला हाय एफिशिअन्सीच लागतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमधेही हाय एफिशिअन्सी व्हिडिओ बंद करायची सोय असते. रोजच्या व्हिडिओला १०८०पी पुरतं, ४के खास प्रसंगाला ठेवा.

आणि लॅपटॉप कधीतरी बदलणारच असाल तर रॅमच्या आधी हे विचारा की १० बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ दोन्ही हार्डवेअरमधे डीकोड होतात का. इंटेल अकरावी पिढी किंवा पुढचं असेल, किंवा वेगळं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाच्या ३० सिरीजपासून पुढचं असेल तर फोनच्या व्हिडिओची चिंता नको. मोठ्या कॅमेऱ्यांचं ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारं) फुटेज एडिट करणार असाल तर ती कथा वेगळी, तसं असेल तर आधी सांगा.

तूर्तास मीडियाइन्फोमधल्या व्हिडिओखालच्या ओळी, प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर (नुसतं आय५ नको, पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर सुद्धा, त्यावरून चिप नेमकी कोणती ते कळतं) आणि व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरचा एक स्क्रीनशॉट, एवढं खाली टाका. व्हिडिओ डीकोडचा आलेख हलत असूनही फ्रेम पडत असतील तर माझा अंदाज चुकलाय आणि दुसरीकडे शोधावं लागेल, बहुधा ड्रायव्हरमधे.